मेणाचं नाक आणि पडद्यावरचा चेहरा

नाक-हनुवटीच्या शस्त्रक्रियेआधी आता काही डॉक्टर संगणकावर आपलाच फोटो बदलून 'नंतर अशा दिसाल' असं दाखवतात. पण आधी नमुना करायची रीत जुनी, आणि तिचा एक धागा आपल्या पुण्याचा.

इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याकडच्या एका जाणकाराने आधी त्याच्या चेहऱ्यावर मेणाचं नाक बसवून पाहिलं. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी खाली वळवून नवं नाक घडवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ मध्ये ही हकिकत छापली. त्याच पद्धतीने जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली.

ते मेण म्हणजे शिंप्याचं माप होतं: कातडी किती लागेल, ते सांगणारं. पडद्यावर मात्र बोट फिरवलं की नाक बारीक! तिथे सूज नाही, व्रण नाही, जखम भरणं नाही. आपल्याला काय हवं ते डॉक्टरांना समजावायला चित्र कामाचं, पण ते वचन नव्हे.

म्हणून आम्ही गटात सांगतो, आधी विचारा: माझ्या हाडा-कातडीला हे जमेल का? व्रण कुठे राहील? पुन्हा करावं लागलं तर खर्च कोणाचा? उत्तरं मिळेपर्यंत सही नको, आगाऊ पैसे नकोत आणि त्यासाठी कर्जही नको.