सलाईन म्हणजे जेवण नव्हे

कर्करोगाच्या अत्यवस्थ रुग्णाला अतिदक्षता विभागात हलविले, की 'सलाईन लावले का?' हा नातलगांचा पहिला प्रश्न असतो. बाटली थेंबथेंब उतरताना पाहून रुग्णाच्या पोटात काहीतरी गेल्याचे समाधान त्यांना लाभते. हिशेब मात्र निराळा आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून जेमतेम ८५ ते १०० उष्मांक मिळतात, म्हणजे जळगावच्या एका मध्यम केळ्याइतके. मिठाच्या सलाईनमध्ये तेही नाहीत, आणि प्रथिने दोहोंत नाहीत. ५० किलो वजनाच्या रुग्णाची दैनंदिन गरज मात्र साधारणत: १२५० ते १५०० उष्मांक व ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनांची असते.

या तुटीचा फटका श्वासाला बसतो. कर्करोगामुळे शरीरात दाह वाढतो, भूक मरते आणि स्नायू झिजतात. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायूही त्यातून सुटत नाहीत. त्यात रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला तर विनावापर राहिलेले श्वासपटल काही दिवसांतच आणखी क्षीण होते. मग यंत्र काढणे अवघड होऊन बसते.

खान्देशात तंबाखूने ओढवलेल्या मुखाच्या कर्करोगात ही अवस्था लवकर येते. जबडा उघडत नाही, भाकरी सुटते आणि आठवडेच्या आठवडे वरणाचे पाणी व चहा यांवर निघतात. नाकातून जठरात घातलेली नळी म्हणजे शेवट, हा समज येथे घातक ठरतो. आतडे चालू असेल तर नळीवाटे अन्न देणे हाच पहिला मार्ग. शिरेवाटे पोषण हा नंतरचा.

मात्र दीर्घ उपासानंतर घाईने भरविणेही धोक्याचे. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम एकाएकी घसरतात, स्नायू लुळे पडून श्वास अडखळतो. म्हणून आधी थायमिन, मग अल्प मात्रेने सुरुवात, आणि रोजची रक्ततपासणी. उष्मांक गरजेपेक्षा जास्त झाल्यास कार्बन डायऑक्साइड वाढून थकलेल्या फुप्फुसांवर बोजा पडतो. पूर्ण मात्रा काही दिवसांनीच गाठावयाची असते. मास्कद्वारे श्वास दिला जात असताना हवा पोटात शिरते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा वेळी घरच्यांनी चमच्याने काही भरवू नये. नळीने अन्न देताना डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच असावी.

जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. कर्करोगाचे उपचार परळच्या टाटा रुग्णालयात झाले, तरी मध्यरात्री धाप लागलेल्या रुग्णाला गाठावे लागते ते धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तेथील डॉक्टरांसाठी मुंबईच्या कागदपत्रांइतकीच महत्त्वाची असते साधी माहिती: गेल्या महिन्याभरात वजन किती घटले, आणि किती दिवसांपासून जेवण बंद आहे.

उपचारांचा उपयोग संपलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तेथे भूक नसणे हा रोगाचाच भाग असतो. आग्रहाने भरवून आयुष्य वाढत नाही. धाप कमी करण्यासाठी मॉर्फिनची अल्प मात्रा, चेहऱ्यावर पंख्याची झुळूक आणि ओले ओठ यांनी आराम पडतो. अशा वेळी कृत्रिम श्वसन नको, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली.