दोर आपणच बांधायचा : ‘गिरिप्रेमी’ची वाटचाल

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चं नाव निघालं की लोक शिखरं मोजू लागतात. मोजावीत अशीच ती आहेत. एव्हरेस्ट २०१२ साली, ल्होत्से २०१३, मकालू २०१४, चो ओयू आणि धौलागिरी २०१६, मनास्लू २०१७, कांचनजंगा २०१९, अन्नपूर्णा २०२१. आठ हजार मीटरच्या वरची शिखरं जगात चौदा. त्यांतली आठ या एका नागरी संस्थेच्या खात्यावर. पाठीशी लष्कर नाही, सरकारी खातं नाही. नोकरी-धंदा सांभाळून डोंगरात जाणारी ही माणसं. तरीही या संस्थेची वाटचाल सांगायला बसलो तर मी या आठांपैकी एकालाही पहिला मान देणार नाही. तो गढवालातल्या मंदा-१ या शिखराचा. उंची ६५१० मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा दोन हजार मीटरहून अधिक ठेंगणं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मालगुंडात सोडाच, पुण्यातही हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल.

संस्था १९८२ची. उषःप्रभा पागे यांच्यासारख्या डोंगरवेड्या मंडळींनी ती उभी केली आणि पहिली शाळा अर्थातच सह्याद्रीची. लिंगाणा, तैलबैला, खंडाळ्याची नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. या कड्यांकडे आम्ही कोकणातली माणसं खालून बघतो आणि पाऊस किती पडेल त्याचा अंदाज बांधतो. ही मंडळी त्या कड्यांतून वाट शोधत होती. सह्याद्रीत दोर कसा सांभाळायचा, पोकळीची भीती कशी गिळायची, सोबत्यावर विश्वास कसा टाकायचा हे सगळं शिकता येतं. बर्फ आणि उंची मात्र तिथे नाही. त्यासाठी उत्तरेलाच जावं लागतं.

वाट अगदीच कोरी नव्हती. मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४पासून काम करत होती आणि १९८८ साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली तिने थेट कांचनजंगावर मोहीम नेली होती. पुढे मे १९९८मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले आणि महाराष्ट्राला पहिला एव्हरेस्टवीर मिळाला.

‘गिरिप्रेमी’ने मंदावर पहिला प्रयत्न केला तो १९८९ साली. जमलं नाही. १९९१ साली पुन्हा गेले. तेव्हाही माघार. संस्थेच्या इतिहासात हे दोन आकडे एरवी तळटिपेत गेले असते. पण गिर्यारोहणात फसलेली मोहीम वाया जात नाही, अट एकच : अहवाल नीट लिहिलेला हवा. कॅम्प कुठे लावला, बर्फ कुठे भुसभुशीत लागला, दगड कुठून सुटत होते, परत फिरायचं कुणी आणि का ठरवलं. पुढच्याला खरी मदत होते ती या नोंदींची. १९२९पासून निघणारं ‘हिमालयन जर्नल’, जे कित्येक दशकं मुंबईतून संपादित झालं, ते मुळात अशाच नोंदींचं भांडार आहे. उपग्रहाची छायाचित्रं घरबसल्या पाहता येत नव्हती तेव्हा एखाद्या डोंगराची मागची बाजू बघायची तर जुना अहवाल, कुणीतरी शेजारच्या शिखरावरून काढलेला फोटो आणि हाती लागेल तो नकाशा, एवढंच साधन असे.

मग आलं एव्हरेस्ट. उमेश झिरपे यांनी नेतृत्व केलं, लोकवर्गणी उभी राहिली, पाठीवर ओझी लादून सिंहगड चढण्याचा सराव झाला. मोहिमेच्या काळातच रमेश गुळवे या साथीदाराला आजारपणात गमवावं लागलं. तरी मोहीम थांबली नाही आणि १९ मे २०१२ रोजी आठ जण शिखरावर उभे राहिले. हे यश मोठंच. पण एव्हरेस्टवर वाटेचं नियोजन म्हणजे काय, तेही समजून घ्यायला हवं. खुंबूच्या हिमप्रपातातून शिड्या आणि दोर दर हंगामात शेर्पांचं खास पथक बांधून देतं. वरचे दोरही शेर्पाच लावतात. मोहिमेच्या नेत्याला सोडवावी लागतात ती वेगळी कोडी : पैसा, प्राणवायूच्या नळकांड्या, मे महिन्यातले वारा पडण्याचे मोजके दिवस, आणि त्याच दिवसांवर टपलेली बाकीच्यांची गर्दी. कोडी अवघडच, पण वाट कुठून काढायची हा प्रश्न त्यांत जवळजवळ नसतो.

मंदावर तोच प्रश्न पहिला. गंगोत्रीहून केदारगंगेच्या खोऱ्याने वर गेलं की केदारतालच्या परिसरात थलय सागर आणि भृगुपंथ उभे दिसतात. मंदाची शिखरं याच खोऱ्यातली. तिथे कुणी दोर बांधून ठेवलेला नसतो. मग आधी ठरवायचं, धारेने जायचं की भिंतीवरून. भिंत म्हणजे शिखराचा सपाट दिसणारा उतार; तीस ते पंचेचाळीस अंशांचा बर्फाळ उतार हिमस्खलनाला सर्वांत सोयीचा, आणि वरून सुटलेलं सगळं त्यावरूनच खाली येतं. धारेवर तो धोका कमी, कारण सुटलेला बर्फ दोन्ही बाजूंना ओघळतो. पण धारेवर वारा झोडपतो आणि माथ्याला बर्फाचा छज्जा लोंबत असतो. वरून भक्कम वाटतो, खाली पोकळी. म्हणून माथ्यावरून न चालता थोडं खालून, वाऱ्याच्या बाजूने आडवं जायचं. त्यात उत्तर धार असेल तर ऊन कमी, थंडी जास्त. पण त्याच थंडीने बर्फ घट्ट राहतो आणि क्रॅम्पॉनचे दात नीट बसतात.

मग हंगाम. गढवालात पावसाळ्याआधी मे-जून किंवा पावसाळ्यानंतर सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये हवा स्वच्छ मिळू शकते, पण दरडी कोसळून गंगोत्रीचा रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो आणि दिवसही लहान होत जातात. परवानगीसाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनचं दार ठोठावावं लागतं. त्यानंतर शरीराचा हिशेब. साडेसहा हजार मीटरवर हवेचा दाब मालगुंडच्या किनाऱ्यावरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दिवसा सामान घेऊन वर जायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं, असा दिनक्रम आखावा लागतो. शिखराच्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास निघायचं, कारण ऊन चढलं की बर्फ सैल होतो आणि दगड सुटू लागतात. परत फिरण्याची वेळही आदल्या रात्रीच ठरवून टाकायची. आमच्याकडे होडी बाहेर काढताना जुना तांडेल परतीची भरती आधी बघतो, मासळीचं मागाहून, तसंच हे. वर डोकं जड झालेलं असतं, शिखर समोर दिसत असतं, अशा वेळी माणूस शहाणा निर्णय घेईल यावर विसंबून राहता येत नाही.

सप्टेंबर २०२१मध्ये ‘गिरिप्रेमी’चा छोटा संघ उत्तर धारेने मंदा-१वर पोहोचला. पहिल्या प्रयत्नानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी. या धारेने हे शिखर गाठणारा पहिला भारतीय संघ म्हणून त्याची दखल घेतली गेली. संघातले डॉ. सुमित मांदळे त्याच वर्षी एप्रिलमध्ये अन्नपूर्णेवर जाऊन आले होते. म्हणजे आठ हजारी शिखराचा अनुभव गाठीशी बांधून माणूस साडेसहा हजाराच्या शिखराकडे वळला. बाहेरच्याला ही उतरण वाटेल. जाणकार तिला बढतीच म्हणेल. शेर्पा साथीदार इथेही होते, त्यांच्याशिवाय हे झालं असं कुणी म्हणू नये. फरक इतकाच की वाट आधीपासून मांडून ठेवलेली नव्हती.

२०२३ साली संस्थेने गंगोत्री भागातच ६६६० मीटरचं मेरू शिखर पश्चिमेच्या अंगाने चढलं. आठ हजारांच्या आकड्यात न बसणारी, म्हणून प्रसिद्धीतही न बसणारी ही दुसरी चढाई. माझ्या मते संस्थेने खरी कूस बदलली ती इथे. चौदापैकी उरलेली सहा शिखरं आज ना उद्या होतीलही, त्यांची मला फार चिंता वाटत नाही. स्वतः वाट शोधणारी नवी पोरं तयार होत राहतात की नाही, हे महत्त्वाचं. ‘गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग’ ही प्रशिक्षण संस्था त्यासाठीच उभी राहिली आहे. एक तक्रार मात्र आहे. सत्कार शिखराच्या उंचीप्रमाणे होतात. एव्हरेस्टवीराची मिरवणूक निघते, मंदाच्या संघाला वर्तमानपत्रात आतल्या पानावर जागा मिळते. वर्गणीदारही तेच विचारतात : एव्हरेस्टपेक्षा उंच आहे का? नसेल तर खिसा उघडत नाही. हे आपण वाचकांनी बदलायला हवं, गिर्यारोहकांनी नव्हे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही डोंगरात जाणारी मुलं वाढताहेत, रत्नदुर्ग माउंटेनिअर्ससारखी संस्था इथे काम करते आहे. मालगुंड-गणपतीपुळ्याच्या एखाद्या मुलामुलीच्या डोक्यात हिमालय शिरला असेल तर पैसे भरून शिखरावर नेऊन आणणाऱ्या जाहिराती आधी बाजूला ठेवा. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगचा सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करा. त्यानंतर ‘हिमालयन जर्नल’चे जुने अंक काढून बसा, आणि त्यांतल्या फसलेल्या मोहिमा आधी वाचा.