पापँ यांचे भांडे

स्वयंपाकात नवे प्रयोग आपण सगळेच करतो. नोंद मात्र क्वचितच ठेवतो. फ्रेंच वैज्ञानिक दनी पापँ यांनी ती ठेवली. १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी घट्ट झाकणाचे भांडे मांडले. कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि त्यात हाडेही मऊ होतात. प्रमाणित तापमापक तेव्हा नव्हते. म्हणून तापलेल्या झाकणावर टाकलेला पाण्याचा थेंब किती वेळात उडून जातो, हे ते मोजत. १६८१ च्या पुस्तकात त्यांनी हे प्रयोग मापांसह छापले. पुढच्याच वर्षी सोसायटीच्या सदस्यांनी या भांड्यांत शिजवलेले जेवण चाखले. ‘अंदाजाने’ सांगितलेली कृती सांगणाऱ्यापाशीच राहते; मापे दिली, की ती कोणालाही पडताळता येते. विद्यार्थ्यांना प्रयोगवही लिहायला सांगताना हे उदाहरण द्यावे, असे आम्हाला वाटते.