फितूर कोण?

गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यावर बोलतो. आज थोडा इतिहास सांगायचा आहे. कोर्टात साक्ष द्यायला उभी राहणारी बाई आणि दुकानदाराशी भांडायला उभी राहणारी बाई, या दोघींच्या पाठीशी कायदा कधी आणि कसा आला, त्याचा हा इतिहास. पण सुरुवात आपल्याच तालुक्यातल्या एका गोष्टीने करू. नाव, गाव सांगणार नाही. आपण त्यांना नुसतं आक्का म्हणू.

आक्का आमच्या एका गटातल्या. एका सकाळी धारा काढताना त्यांनी गोठ्यातून पाहिलं, शेजारच्या घरातले दोघं सुनेला काठीने मारत होते. सून बेशुद्ध पडली. आक्कांनी पोलिसांना जे पाहिलं ते सांगितलं. केस उभी राहिली. तीन वर्षांनी आक्कांना कोर्टाचं समन्स आलं. त्याच आठवड्यात बांधावर एक मोटारसायकल थांबली. "आक्का, साक्षीला जाताय म्हणं? पोरगी कॉलेजला यष्टीनं जाती न्हवं?" एवढंच बोलून माणूस निघून गेला. ना शिवी, ना हात उगारला.

तारखेला आक्का एकट्याच यष्टीने गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात ज्या बाकावर त्या बसल्या, त्याच्या समोरच आरोपी आणि त्यांचे पाहुणे बसलेले. पुकारा झाला. आक्का आत गेल्या आणि म्हणाल्या, "मला काही आठवत नाही." कागदावर शेरा पडला, साक्षीदार फितूर. आरोपी सुटले. मार खाल्लेली सून माहेरी गेली ती गेलीच.

गावाने आक्कांना नावं ठेवली. खरं सांगायचं तर आम्हीही ठेवली. दोन महिने गटात त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. फितूर हा शब्द आपल्याकडे फार वाईट. पैसे घेऊन किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा, तो फितूर. आक्कांनी कुणाकडून एक रुपया घेतला नव्हता. मग हा शब्द त्यांना का लागला? या प्रश्नापासून आम्ही वाचायला लागलो, वकीलताईंना विचारायला लागलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

१९७२ साल आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागत नाही. दुष्काळ म्हटलं की बहात्तर. आपल्या आज्या, सासवा त्या साली खडी फोडायला गेल्या, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला मिलो दळून खाल्ला. त्याच साली महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या.

पहिली देसाईगंजची. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात आणलं होतं. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला ठाण्यातच थांबवलं आणि तिथे दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. पुढे हा खटला तिच्याच नावाने देशभर ओळखला गेला. आज कायदा सांगतो की अशा मुलीचं नाव जाहीर करायचं नाही, म्हणून आम्हीही ते घेत नाही.

सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसावा, असा अर्थ काढला गेला. दोन वर्दीवाल्यांच्या मध्ये, रात्री, ठाण्याच्या आत कोवळी पोर काय विरोध करणार, हे कुणी तिच्या जागी उभं राहून पाहिलं नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. भीतीने गप्प राहणं आणि राजी असणं यात फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा. ८ मार्च १९८० ला मुंबई, दिल्लीसह अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या. निकाल काही बदलला नाही. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवायचा, पीडितेची ओळख छापायची नाही, आणि पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध आल्याचं सिद्ध झालं व बाईने "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं. पुढे २००२ च्या दुरुस्तीने अशा बाईच्या चालचलणुकीवरून तिला खोटं पाडायची वकिलांची वाटही बंद केली.

बहात्तर सालची दुसरी गोष्ट मुंबईची. दुष्काळाने धान्य, तेल, रॉकेल महागलं, मिळेनासं झालं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर घराघरांतल्या बाया लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत मोर्च्याला निघाल्या. तोवर दुकानात गेलेली बाई एकटी असायची. माप मारलं, भेसळ केली, तर बोलायचं कुणाजवळ? त्यातून उधारी त्याच दुकानात. लाटणं मोर्चात ती पहिल्यांदा घोळक्याने बोलली. पुढे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याचा माल एकत्र घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. आपला बचत गट ज्या विचारावर चालतो, तोच हा विचार. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आता २०१९ चा नवा कायदा आहे.

या कायद्याने ग्राहकाची पायपीट बरीच कमी केली. पूर्वी बहुधा दुकान किंवा कंपनी जिथे, तिथे तक्रार करावी लागायची. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्याला सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. एकसारखं नुकसान झालेल्या अनेक जणी आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात. बियाणं खराब निघालं तर शेतकरीही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे. आपल्या द्राक्षबागांच्या तालुक्यात हे लक्षात ठेवायला हवं. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पावती मात्र जपून ठेवायची. सल्ल्यासाठी १९१५ हा नंबर आहे.

आता परत कोर्टाकडे. १९८३ चा कायदा चांगला होता, पण तो ठराविक गुन्ह्यांतल्या पीडितेपुरता. आक्कांसारखी, जिने दुसरीवरचा अन्याय पाहिला, तिचं काय? तिला आरोपीसमोरूनच जावं लागायचं आणि त्याच रस्त्याने घरी यावं लागायचं.

ही वाट हळूहळू सुधारली. २००४ मध्ये साक्षी नावाच्या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेला आरोपी दिसणार नाही असा पडदा किंवा तशी सोय करावी, उलटतपासणीचे अडचणीचे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनी साध्या भाषेत विचारावेत, आणि तिला मध्ये विश्रांती द्यावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांसाठी अशा सोयी पक्क्या केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना साऱ्या देशाला लागू केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, दुर्बल साक्षीदार कुणाला म्हणायचं याची व्याख्या मोठी केली. पूर्वी त्यात फक्त अठरा वर्षांखालची मुलं धरत. आता लैंगिक अत्याचाराची कुठल्याही वयाची पीडित व्यक्ती, मानसिक आजार असलेली, ऐकू-बोलू न येणारी किंवा इतर अपंगत्व असलेली, जिला धमकीचा धोका आहे ती, आणि न्यायालयाला दुर्बल वाटेल अशी कुणीही व्यक्ती त्यात येते. अशांसाठी प्रत्येक जिल्ह्यात साक्ष देण्याची वेगळी, सुरक्षित जागा करायला त्याच आदेशात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यातही राज्यांनी साक्षीदार संरक्षण योजना करावी असं लिहिलं आहे.

ही योजना चालते कशी, ते नीट ऐका. आपोआप काही होत नाही, अर्ज करावा लागतो. जिल्ह्यात एक समिती असते. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, आणि सरकारी वकिलांचे जिल्ह्यातले प्रमुख सदस्य सचिव. अर्ज त्यांच्यामार्फत समितीकडे जातो. मग पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी धोका किती आहे याचा अहवाल देतो. २०१८ च्या योजनेत त्याला कामाच्या पाच दिवसांची मुदत आहे. धोक्याचे तीन वर्ग आहेत. जिवाला धोका हा पहिला. सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला धोका हा दुसरा. त्रास देणं, धाक दाखवणं हा तिसरा. साक्षीदाराच्या घरच्यांना असलेला धोकाही यात धरतात. म्हणजे बांधावर थांबलेली मोटारसायकल आणि पोरीच्या यष्टीची चौकशी, हेसुद्धा यात बसतं.

धोका पटला तर काय मिळू शकतं? साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था. घराभोवती पोलिसांची गस्त. कोर्टात नेण्या-आणण्यासाठी सरकारी गाडी. ओळख गुप्त ठेवणं. फारच धोका असेल तर काही काळ राहायला दुसरी जागा. योजना फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्यापुढच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू आहे. विनयभंग, छेडछाड, पाठलाग हे गुन्हेही त्यात घातले आहेत. आणि खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणखी तीन गोष्टी पाठ करा. पोलिसांना साक्षीदार बाईचा जबाब हवा असेल तर तिला ठाण्यात या म्हणून सक्ती करता येत नाही, ती राहते तिथे येऊन घ्यावा लागतो. साक्षीला गेल्यावर प्रवासखर्च आणि भत्ता मागता येतो. आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, अर्ज लिहायला तिथे मदत मागा. फोन करायचा तर १५१००. अंगावर संकट आलं तर ११२ किंवा १८१.

कागदावरचं सगळं प्रत्यक्षात मिळतंच असं आम्ही म्हणणार नाही. वेगळी खोली, गाडी, गस्त यासाठी मागे लागावं लागतं. पण हा इतिहास वाचून आम्हाला एक कळलं. एकटीच्या मागणीने यातलं काहीच मिळालं नव्हतं. देसाईगंजची पोर एकटी होती, तोवर तिचं कुणी ऐकलं नाही. बाया रस्त्यावर आल्या तेव्हा कायदा हलला. लाटणी घेऊन बाया बाहेर पडल्या तेव्हा दुकानदाराला जाब विचारला गेला. आता कायदा आहे, पण तो मागायलाही सोबत लागते.

म्हणून आमच्या गटांनी एक ठराव केला आहे. गटातल्या कुणालाही समन्स आलं तर ते बैठकीत सांगायचं. कुणी धमकावलं तर तारीख, वेळ आणि काय शब्द वापरले ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. अर्ज करायला दोघी बरोबर जातील, तारखेलाही दोघी बरोबर जातील. साक्ष काय द्यायची ते मात्र तिला कुणी शिकवायचं नाही. जे पाहिलं ते तिने सांगायचं, आपण फक्त तिच्याजवळ बसायचं.

हे सगळं आम्ही आक्कांना वाचून दाखवलं, आणि त्यांच्याशी अबोला धरल्याबद्दल माफीही मागितली. आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्या बाकावर माझ्या शेजारी तुमच्यातली एक जरी बसली असती, तर मी बोलले असते गं."

फितूर कोण, याचं उत्तर आम्हाला तिथे मिळालं. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. नमस्कार.