बायकांना बसायला जागा

आज आपण ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीला जाऊ. नोकरीतून निवृत्त झालेली, वय झालेली माणसं तिथे दिवस कसा घालवतात, कुठे जमतात, आणि जमायच्या त्या जागा कशा तयार झाल्या, एवढंच सांगणार आहे. त्यात बायका कुठे होत्या तेही बघू.

ठाण्याची हवा दमट. उन्हाळ्यात दुपारी घरात जीव नकोसा होतो. ऊन उतरलं की माणसं मासुंदा तळ्याकडे निघतात. ठाणं तळ्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. मासुंद्याजवळ कौपिनेश्वराचं देऊळ आहे, मराठेशाहीत 1760 च्या सुमारास पुन्हा बांधलेलं. देवळात पूर्वीपासून बायकाही बसत आल्या. पण बघा हं, कीर्तनाला, भजनाला, पोथीला बसलेलं चालतं. नुसतंच गप्पा मारत बसलेलं चालत नाही. आपल्या गावात पारावर कोण बसतं आणि पाण्याच्या हंड्याशिवाय बाई किती वेळ थांबू शकते, हे तुम्हाला माहीतच आहे.

16 एप्रिल 1853 ला मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. पुढे गाड्या वाढल्या आणि सकाळी मुंबईला कचेरीत जाऊन रात्री घरी परतणारा कारकून ही या गावांची ओळख होऊन बसली. अशा कित्येकांना सरकारी नाहीतर रेल्वेची नोकरी, आणि नोकरी संपली की पेन्शन. पेन्शनीत निघालेल्या माणसाला महिन्याचे पैसे मिळतात, पण दिवस खायला उठतो. त्याच्यासाठी वाचनालय हे मोठंच ठिकाण झालं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. मराठीत छापलेली पुस्तकं एका जागी सांभाळून ठेवायची, ही त्यामागची कल्पना. वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. तेव्हा त्यांची विशीही नुकतीच सुरू झालेली. तरण्या पोराने उभी केलेली जागा पुढे म्हाताऱ्यांच्या उपयोगी पडली, याची मला मोठी गंमत वाटते.

सकाळी वर्तमानपत्र वाचायला जमणारे ते आजोबा होते. आजी घरी होती. पुस्तक घरी यायचं तेही बऱ्याच घरांत नवरा नाहीतर मुलगा आणेल तेव्हा.

कल्याणचं वाचनालय सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1865 मध्ये, कल्याणच्या जोश्यांच्या घरातली यमुना जन्मली. हीच पुढे आनंदीबाई जोशी, 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेली. मुंबईत शाळेला जाताना रस्त्यावरची माणसं जमून आपली थट्टा करायची, हे तिने स्वतः 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं. (आपल्या नगरचं श्रीरामपूर नव्हे.) हातात पुस्तक घेऊन रस्त्याने चालणंसुद्धा तेव्हा बाईला सोपं नव्हतं, मग चारचौघांत बसून वाचायचं कुठलं?

हे बदलायला फार वर्षं लागली. बायका शिकल्या, नोकरीला लागल्या, त्याच लोकलने दाटीवाटीत उभ्या राहून गेल्या, आणि त्याही पेन्शनीत निघाल्या. ठाण्याला आचार्य अत्रे कट्टा आहे, तिथे लोक भाषणं ऐकायला जमतात. तो चालवण्यात बायकांचा मोठा हात आहे. डोंबिवलीत 1924 साली स्थापन झालेलं गणेश मंदिर संस्थान आहे. त्यांनी 1999 मध्ये गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली. पुढे अशा यात्रा ठाण्यात, गिरगावात, गावोगाव निघू लागल्या. पाडवा तोवर घरच्या गुढीचा आणि श्रीखंडाचा सण होता, म्हणजे बायकांचा दिवस स्वयंपाकघरात जायचा. यात्रेमुळे त्या नऊवारी नेसून, नथ घालून सकाळी रस्त्यावर आल्या, लेझीम खेळल्या. मिरवणुकीचा थाट आता फार वाढलाय, तो मला तितकासा आवडत नाही. पण नातीचा हात धरून रस्त्याच्या मधोमध चालणारी आजी मला आवडते.

तरी एक गोष्ट राहतेच. पेन्शन कचेरीतल्या कामाला मिळते. चुलीला आणि शेताला निवृत्ती नाही. सत्तर वर्षांची बाई कट्ट्यावर संध्याकाळी सहाला जाते म्हणाली, की घरातलं कुणीतरी विचारतंच, "मग भाकऱ्या कोण थापणार?" हा प्रश्न डोंबिवलीत पोळ्यांचा होतो, इतकाच फरक.

गटातल्या वयस्क बायकांना ही गावं दाखवायची असतील तर दिवाळीनंतर न्या, एप्रिल-मे नको. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट. वयाच्या दाखल्यासाठी आधारकार्ड बरोबर ठेवा. आधी कौपिनेश्वर आणि तळं, मग ग्रंथसंग्रहालय, मग लोकलने कल्याण. गर्दीची वेळ टाळून दुपारची गाडी धरा, म्हणजे सगळ्यांना बसायला जागा मिळेल.