वर्ध्याचे गतिमापन
1931 च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत हॅरॉल्ड एजर्टन हे लुकलुकत्या विद्युत्प्रकाशाने फिरत्या यंत्राचा वेग नेत्रांपुढे जणू गोठवून दाखवीत होते, आणि वेगवान छायाचित्रणाच्या संशोधनास तेथून मोठे बळ मिळाले. त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांचे टकळीचे प्रयोग चालू होते, आणि तेथे गतीची नोंद सूतच ठेवी: चार फुटांची तार, 640 तारांची गुंडी, असा तासागणिक हिशेब.

हे मापन मला गौण वाटत नाही. हाताच्या श्रमाचे फलित त्यात चोख उतरे. मात्र टकळी नेमकी कोणत्या क्षणी डगमगते आणि तार का तुटते, हे गुंडीवरून कळत नसे, आणि तेथेच कॅमेऱ्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. त्या काळची सूतकताईची साधने 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात अभ्यासता येतात.