मोकळ्या वायरीची गोष्ट

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. दोघातिघांचे फोन आले, "सर, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. एक गोष्ट मनात अडकून बसली होती. ती सांगितल्याशिवाय दुसरं काही सुचेना.

गोष्ट एका वायरीची आहे. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. साध्या वायरीबद्दल सांगायचं म्हटलं तरी एकोणिसाव्या शतकात जाऊन यावं लागतं. सवयीचा भाग आहे, चालवून घ्या.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी निवृत्तीनंतर आहे. तिथे वाचकांसाठी सहा आणि कार्यालयात एक असे संगणक आहेत. सगळ्यांच्या वायरी कपाटामागच्या एका छोट्या डब्यात एकत्र येतात. त्या डब्याला स्विच म्हणतात, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी स्विच म्हणजे दिव्याचं बटण!

गेल्या वर्षी एका दुपारी सगळे संगणक एकदम ठप्प झाले. नेमकी त्याच दिवशी वार्षिक अहवाल पाठवायची मुदत संपत होती. धावपळ करून रात्री कुणाच्या तरी घरून तो पाठवला. दोन दिवसांनी एक मेकॅनिक आला, त्याने सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या आणि यंत्रणा सुरू झाली. कारण कुणालाच कळलं नाही. पण कारण सापडलं नाही तरी माणूस लागतोच. बैठकीत ठरलं की झाडताना आमच्या शिपाईमामांनीच काहीतरी हलवलं असणार. मामा "नाही" म्हणाले, एवढंच. त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. चौदा वर्षं वाचनालयाचं कुलूप तेच उघडत होते. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो.

आता इतिहास.

तारांच्या जंजाळातून योग्य माणसाचा योग्य माणसाशी सांधा जुळवून देणं, हे काम आधी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका हाताने करीत. आल्मन स्ट्रोजर नावाचा एक अमेरिकन गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. गोष्ट अशी सांगतात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर कामाला होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. चिडून त्याने माणसाविना चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं. गोष्ट खरी असो वा तिखटमीठ लावलेली, त्याला १८९१ साली पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्त गावी असं एक्स्चेंज सुरू झालं. पुढे आपल्याकडेही स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंज आली. माणसाचा भरवसा नाही, म्हणून यंत्र आलं. हे लक्षात ठेवा.

संगणकांचं जाळं आलं ते नंतर. १९७३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यात 'ईथरनेट' हे नाव दिलं. एकच जाड केबल, तिला सगळे संगणक जोडलेले. एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जाणार, ज्याच्यासाठी असेल त्याने घ्यायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबून, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. सातवीच्या वर्गाला मी हा नियम तीस वर्षं शिकवला, कुणी पाळला नाही. यंत्रांनी पाळला. पण संगणक वाढले तसा गोंगाटही वाढला.

त्यावर उपाय म्हणजे स्विच. १९९० च्या सुमारास सात जोडण्यांचा पहिला ईथरनेट स्विच बाजारात आला. तो काढणाऱ्या कंपनीचं नाव सांगू? 'कल्पना'! विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ तिच्या दोन संस्थापकांपैकी एक. त्यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

स्विच करतो काय? शाळेतला जुना शिपाई आठवा. चिठ्ठी कुणाची, हे तो बोंबलून विचारत नाही. कोण कुठल्या वर्गात बसतं हे बघून बघून त्याला पाठ झालेलं असतं. स्विचही कुठल्या भोकातून कोण बोललं हे बघून टिपून ठेवतो आणि पुढची चिठ्ठी थेट त्याच भोकातून देतो. काही निरोप मात्र सर्वांसाठी असतात. ते तो आलेलं भोक सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. गोम इथे आहे. चुकून एखाद्या वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये बसली, तर सर्वांसाठीचा निरोप एका टोकातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत येतो, स्विच तो नवा समजून पुन्हा सगळ्यांना पाठवतो. असा निरोप किती फेऱ्या झाल्यावर थांबावा, याची ईथरनेटमध्ये सोय नाही. काही क्षणांत सगळं जाळं गुदमरतं.

यावर तोडगा काढला रेडिया पर्लमन या विदुषीने, १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत. वर्तुळं शोधून जादा वाट मिटून ठेवायची, म्हणजे जाळ्याचं झाड होतं, फांदीला फांदी पुन्हा मिळत नाही. मुख्य वाट तुटली तर मिटलेली वाट उघडायची. या कामावर बाईंनी एक छोटी कविताही लिहिली. भाषेच्या शिक्षकांनी नोंद घ्यावी!

पण झाडालाही मर्यादा असते. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं जाळं असंच कोसळलं. ते वाढत वाढत या पद्धतीला झेपेल त्यापलीकडे गेलं होतं. काही दिवस डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनी ते झाकून ठेवलं नाही. काय चुकलं ते जाहीरपणे सांगितलं, दुसऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून. हे मी वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. का, ते आता सांगतो.

आमचा पुतण्या पुण्यात हेच काम करतो. ठप्प प्रकरणानंतर त्याने ओळखीतून एका मोठ्या कंपनीत वापरलेला चोवीस जोडण्यांचा स्विच मिळवला आणि एका रविवारी बसवायला आला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. आधी त्याने अर्थिंग तपासलं. मग एक वेगळी केबल लावून लॅपटॉपवरून स्विचशी बोलायला लागला. नाव दिलं, मूळचा पासवर्ड बदलला. कार्यालयाचा आणि वाचकांचा असे दोन वेगळे गट पाडले. एका डब्यात दोन खोल्या, मधे भिंत. शेवटी सगळं जतन केलं. "काका, हे विसरलं तर वीज गेली की हा सगळं विसरतो." प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली.

मग म्हणाला, "आता गंमत बघा." एका वायरीची दोन्ही टोकं त्याने मुद्दाम स्विचमध्ये खुपसली. एका भोकापाशी हिरव्याऐवजी नारिंगी दिवा लागला. बाकी सगळं सुरळीत. "जुन्या डब्यात ही अक्कल नव्हती. कुणीतरी मोकळं टोक असंच लावलं असणार."

माझ्या पोटात खड्डा पडला. त्या दुपारी टेबलामागे एक वायर लोंबत होती. नीटनेटकं दिसावं म्हणून मीच तिचं टोक रिकाम्या भोकात बसवलं होतं. दुसरं टोक कुठे जातं, ते पाहिलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं. किल्ल्या मामांना परत मिळाल्या. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. मामा म्हणाले, "सर, तुम्हाला टेबलामागे वाकलेलं मी पाहिलं होतं. पण सरांचं नाव कसं घ्यायचं?"

मंडळी, नवा स्विच कुठल्या भोकात काय झालं याची वेळेसकट नोंद ठेवतो. नाव घ्यायला तो कचरत नाही. मामा कचरले, आणि मी बैठकीत गप्प बसलो. मामांनी चहा दिला, मी तो मुकाट्याने प्यालो.

असो. तुमच्या घरी वायर लोंबत असेल तर आधी दुसरं टोक शोधा.